बाबांचे तीन ठिपके

छावणी, सफोक परगणा
रविवार, २ जुलै १९१६

प्रिय थर्झे,

गावाचं नाव विचारू नकोस, सांगता येणार नाही. कशासाठी आणलंय तेही सांगता येणार नाही. कुंपणापाशी पहारेकरी, त्यांच्या पलीकडे आणखी पहारेकरी, आणि आतल्या शेतकऱ्यांना तर बाडबिस्तरा आवरून बाहेर काढलंय. बाहेरच्या गावात बोलतात की आम्ही जर्मनीपर्यंत बोगदा खणतोय. विचारलं की मी नखांतली माती दाखवतो आणि पुढे जातो.

एवढं सांगतो, वाफेच्या नांगरावर घालवलेली माझी चार वर्षं फुकट गेली नाहीत. भरतीच्या साहेबाने विचारलं, "मोटार चालवता येते?" मी म्हटलं, "मोटार नाही साहेब, पण नांगराचं इंजिन ओल्या रानातून न रुतवता बाहेर काढतो." साहेब खुर्चीतून उठलाच. आईने विचारलं तर सांग, रूबेन लष्कराच्या मोटारी दुरुस्त करतो. अर्धं तरी खरं आहे, देव उरलेल्या अर्ध्याला माफ करेल.

शेजारच्या खाटेवर हेडली पेल नावाचा ग्रिम्सबीचा प्राणी आहे. दहा वर्षं गोदीवर मासे चिरलेत, अजून अंगाला वास आहे. घोरतो, पण मनाचा चांगला. मनुकांचा पाव पाठव, त्यालाही कळू दे लिंकनशरमध्ये माशांखेरीज काही पिकतं ते.

तू म्हणे वकिलाच्या बायकोकडची घरकामाची नोकरी सोडलीस? आईच्या पत्रात त्याबद्दल अर्धीच ओळ होती आणि तिच्यात तीन उसासे. कारखान्यात, आणि तेही विजार घालून! बाबा असते तर ऐरणीवर बसून हसले असते.

आमची पत्रं बाहेर पडण्याआधी आमचे लेफ्टनंट वाचतात. आधी शाळामास्तर होते. साहेब, नमस्कार.

तुझा
रूबेन


लिंकन
रविवार, १६ जुलै १९१६

प्रिय रूबेन,

पाव पाठवलाय. मनुका मोजून घातल्यात, कारण मिळतच नाहीत. त्या मासेवाल्याला पातळ काप दे.

हो, विजार घालते. पहिल्या दिवशी रस्त्यातून जाताना वाटलं सगळं लिंकन माझ्या पायांकडेच बघतंय. तिसऱ्या दिवशी कळलं की लिंकनला वेळ नाही. वकिलीणबाईंचे चमचे घासण्यापेक्षा हे बरं. दिवसभर बोल्ट आवळायचे, रिव्हेटवाल्यांच्या हाताखाली राबायचं, आणि संध्याकाळी आपले हात आपल्यालाच ओळखू येत नाहीत.

काय बनवतो ते विचारू नकोस. आम्हीही शपथ घेतली आहे, फक्त तुम्हीच मोठे शूर नाही. जगाला सांगायचं उत्तर ठरलेलं आहे: वाळवंटातल्या सैन्यासाठी पाण्याच्या टाक्या. आमचे मुकादम मिस्टर डाउज दर सोमवारी बजावतात, "बायांनो, भिंतीला कान असतात, आणि तुमच्या तोंडाला झाकण नाही."

पण एक गंमत सांगते, त्यात कसलं गुपित नाही. बाबांची हातोडी आणि लोखंडावर खूण उठवायचा त्यांचा टोकदार पंच मी सोबत नेते. आठवतं ना, जो फाळ त्यांच्या मनासारखा उतरे त्याच्या पाठीवर तीन ठिपके मारत, आणि शेतकरी ठिपके चाचपून मगच फाळ घेत. मला वाटलं, आपणही एका पत्र्यावर ओडलिंगांचे ठिपके मारू. हातोडी हाणली आणि पंच सट्कन घसरला. पुन्हा मारला, तर टोकच बोथट! डाउज मागेच उभे होते. म्हणाले, "अगं लोहाराच्या पोरी, तो पाणी दिलेला पत्रा आहे. बाहेरगावच्या भट्टीतून तापवून, विझवून कडक करून आणलाय. त्यावर सैतानाचं नखही उमटायचं नाही." माझी मान खाली गेली. बाबांनी हे मला सहाव्या वर्षी शिकवलं होतं.

पाण्याच्या टाकीला असला पत्रा कशाला लागतो, हे मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

आई बरी आहे. डुकराचं नाव तिने कैसर ठेवलंय, नाताळासाठी कापायचं म्हणून.

तुझी
थर्झा


छावणी
रविवार, २४ सप्टेंबर १९१६

खोटारडे थर्झे,

पाण्याच्या टाक्या काय! गेले तीन महिने मी तुझ्या पाण्याच्या टाकीत बसतोय!

आता 'टँक' या नावाने सगळ्या पेपरांत आलंय, म्हणून लेफ्टनंटसाहेबांनी एवढं लिहायला परवानगी दिली. चित्रं बघितलीस का? एकाही चित्रकाराने आमची टाकी बघितलेली नाही, एकाने तर तिला मगरीसारखे पाय काढलेत. तुला काही सांगता येईना, मला काही सांगता येईना, आणि तू बोल्ट आवळायचीस नि मी त्याच बोल्टांवर डोकं आपटून घ्यायचो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आमची तुकडी पहिल्या खेपेला गेली नाही. जे गेले त्यांतले काही परत आले. त्यांच्याबद्दल नंतर कधीतरी.

आत कसं असतं ते तुला सांगायलाच हवं, कारण तुम्ही बाया बाहेरूनच दार लावून मोकळ्या होता. मधोमध इंजिन, भोवती आठ माणसं. उकाडा असा की भाकरी भाजून निघेल. धुराने डोकं भणाणतं, बाहेर पडलं की दोघे तरी ओकतात. आवाजात बोलणं अशक्य, म्हणून मी इंजिनाच्या झाकणावर पान्याने ठोकतो आणि मागचे दोघे ते ऐकून गिअर बदलतात. वळायचं तर चार माणसांचं एकमत लागतं. चॅपलच्या कमिटीसारखंच. मी पुढे डावीकडे बसतो, समोर बोटभर फट, तेवढंच माझं जग. हेडली माझ्या मागे डाव्या बाजूच्या बंदुकीवर.

पण थर्झे, खंदकावरून ती पहिल्यांदा नाक वर करून पलीकडे उतरली ना, तेव्हा मी लहान पोरासारखा ओरडलो. नांगराचं इंजिन कधी असं चालायचं नाही.

आणि तो तुझा पंच घसरला ते वाचून मी निवांत झोपतो. ज्याच्यावर बाबांचा पंच उमटत नाही त्याच्यातून जर्मनाची गोळी काय जाणार?

आईला अजूनही मोटारीच सांग.

तुझा
रूबेन


लिंकन
रविवार, १० डिसेंबर १९१६

प्रिय रूबेन,

तू रजेवरून गेलास आणि घर गप्प झालं. आई दोन दिवस तुझीच खुर्ची पुसत होती. तिने मला विचारलं, "मोटारींचं काम करणाऱ्याच्या हातांना एवढे चटके कसे गं?" मी म्हटलं, इंजिनं गरमच असतात. खोटं बोलण्यात मी आता तरबेज झाले आहे.

कैसर कापला. चांगला निघाला. सॉसेज केली, शेजाऱ्यांच्या वाट्याच्या थाळ्या पोचवल्या, थाळ्या न धुता परत आल्या म्हणजे शकुन चांगला. तुझा वाटा पार्सलमध्ये आहे.

आता ऐक. तू गेल्यापासून इथून काही नवी यंत्रं निघाली आहेत. त्यांतल्या दोन-तीन यंत्रांत मी तुझ्यासाठी काहीतरी ठेवलंय. ड्रायव्हरच्या जागेखाली, डाव्या बाजूच्या पत्र्यावर, खालच्या कोपऱ्यात. बसलास की डावा हात खाली सोड आणि बोटांनी चाचप. याहून जास्त लिहीत नाही. यंत्राबद्दल पत्रात लिहिलेलं एक वाक्यही तुरुंगात नेतं असं डाउज म्हणतात, आणि त्यांच्या भाच्याला खरंच कुणीतरी दटावलंय.

सापडलं तर कळव. सापडण्याचा संभव फार नाही, पण तुझं नशीब नेहमीच माझ्यापेक्षा बरं होतं. चिमटा मला बसायचा आणि गोळी तुला मिळायची.

तुझी
थर्झा


फ्रान्स
रविवार, २५ मार्च १९१७

थर्झे, थर्झे,

सापडले! तीन ठिपके!

इथे आम्हाला यंत्रं वाटून देत होते. आमच्या वाट्याला दोहोंतलं एक यायचं होतं. मी दोन्हींत बसून बघितलं. पहिल्यात हात खाली सोडला, नुसता पत्रा. दुसऱ्यात सोडला, आणि बोटांखाली एक, दोन, तीन. बाबांसारखेच, तिसरा थोडा खाली गेलेला. मी उठलो आणि डोकं छताला आपटलं. लेफ्टनंटसाहेबांपुढे अक्षरशः हात जोडले, "साहेब, हेच द्या, हे माझ्या बहिणीचं आहे." ते म्हणाले, "ओडलिंग, हे राजेसाहेबांचं आहे." पण दिलं. हेडलीने खडूने बाहेर 'थर्झा' लिहिलंय. पाऊस आला की पुसतं, तो पुन्हा लिहितो. तुझ्या नावाला आता माशांचा वास येतो.

पत्र इथवर लिहून काल ठेवलं होतं, आज पुरं करतो. एक विचारायचं आहे. हेडलीशी पैज लागली आहे. बाबा फाळावर ठिपके कधी मारायचे, पाणी देण्याआधी की दिल्यानंतर? मला नीट आठवत नाही. तू भट्टीपाशी जास्त असायचीस. एवढंच कळव.

इथे अजून बर्फ आहे. मार्च संपत आला आणि पाणी पिंपात गोठतं.

तुझा
रूबेन


लिंकन
रविवार, १ एप्रिल १९१७

प्रिय रूबेन,

पत्र वाचून मी रडले, मग हसले, मग आईपासून लपवायला न्हाणीघरात गेले.

पैजेचं उत्तर: आधी. अर्थातच आधी. लोखंड मऊ असतानाच ठिपके बसतात, मग पाणी द्यायचं. नंतर मारायला गेलास तर पंच नाक मुरडतो, मी तुला लिहिलं होतं ना? हरलास की जिंकलास? त्या मासेवाल्याकडून पैज वसूल कर.

पण तुझा प्रश्न दोन दिवस डोक्यातून जात नाही. तू एवढं विसरणारा नाहीस. म्हणून मीही एक विचारते, आणि सरळ उत्तर दे: तू अजून शिकतोयस ना? सराव चाललाय ना तुमचा? ही यंत्रं सरावाचीच आहेत ना? हो असेल तर नुसतं हो लिही. मला रात्री झोप लागेल.

आणखी लिहायचं होतं, पण नको. तुझं उत्तर येऊ दे.

तुझी
थर्झा


फ्रान्स
ईस्टर, रविवार, ८ एप्रिल १९१७

प्रिय थर्झे,

हो.

बाईसाहेब, झालं समाधान? सरावच चाललाय. शाळा फार कडक आहे, मास्तर तर तुला माहीतच आहेत. सकाळी खड्ड्यातून वर, दुपारी खड्ड्यात खाली. असल्या हवेत शिकवण्याखेरीज दुसरं काय करणार? खरीखुरी यंत्रं यायची आहेत म्हणतात.

पैज मी जिंकलो. मला आधीच वाटत होतं, तुझ्याकडून पक्कं करून घ्यायचं होतं इतकंच.

आज बर्फात उभं राहून ईस्टरची प्रार्थना केली. पाद्र्याचे दात वाजत होते, त्यामुळे येशू नक्की उठला की नाही ते मागच्या रांगेला कळलं नाही. हेडली भक्तिभावाने माझा मफलर घालून उभा होता.

आईला सांग, मफलर छान आहे आणि माझ्याच गळ्यात आहे. तिच्याशी भांडू नकोस. बाबांचा हत्यारांचा पेटारा कुणाला देऊ नका, कानशींना तेल लाव, गंजतील.

तुझ्या ठिपक्यांवर रोज एकदा बोट फिरवतो. मला त्यांचा फार उपयोग झाला. खरंच सांगतोय.

तुझा
रूबेन


लिंकन
शुक्रवार, १३ एप्रिल १९१७

माझ्या लाडक्या रूबेन,

तुझं "हो" काल आलं. मी रविवारपर्यंत थांबत नाही, आत्ताच लिहिते, आणि आता सगळंच लिहिते. तुरुंगात नेलं तर नेवोत. पावाच्या पार्सलमध्ये घालून पाठवतेय.

तुला कोडं पडलं असेल, उन्हाळ्यात घसरलेला पंच हिवाळ्यात कसा उमटला. ती यंत्रं कच्च्या पत्र्याची आहेत. त्या पत्र्याला पाणी दिलेलंच नाही. डाउजनी मला समोर उभं करून सांगितलं, "ही शाळेसाठी आहेत, पोरांना शिकवायला. यांच्यावर कोण गोळ्या झाडणार आहे? उगाच भट्टीचा वेळ कशाला घालवायचा?" मला आनंदच झाला. वाटलं, चला, निदान यांच्यावर तरी बाबांचे ठिपके बसतील, आणि रूबेन शिकताना चाचपेल.

म्हणून तुझं पत्र आल्यापासून मला झोप नव्हती. आता तू हो म्हणालास, काल रात्री झोपले. पण नीट ऐक. ज्या दिवशी खरोखर पुढे जायचा हुकूम येईल, त्या दिवशी त्या यंत्रात बसू नकोस. माझं नाव त्यावर आहे म्हणून तर मुळीच बसू नकोस. दुसरं माग. लेफ्टनंटना हे पत्र दाखव. कानस घेऊन पत्र्यावर ओढून दाखव, किस पडला की त्यांनाही कळेल.

हे मी पहिल्याच दिवशी लिहायला हवं होतं. भ्याले. माफ कर.

पाव मोठा केलाय, मनुका मोजल्या नाहीत.

तुझी
थर्झा


लष्करी हॉस्पिटल, लेस्टर
रविवार, ६ मे १९१७

मिस ओडलिंग यांस,

मी हेडली पेल. रूबेनने माझ्याबद्दल लिहिलंच असेल, बहुतेक माशांचंच. माझा उजवा हात बांधलेला आहे, म्हणून नर्सबाई लिहून घेतायत. आता मी इंग्लंडात आहे, मधे पत्र उघडणारं कुणी नाही. म्हणून सगळं सांगतो. तुम्हाला सरकारी कागद पोचलाच असेल. त्यात कधी काही नसतं.

आधी एक कबुली. तुमचं पार्सल रूबेन गेल्यानंतर सहा दिवसांनी आलं. आमच्यात रीत अशी की गेलेल्याचं पार्सल परत जात नाही, दोस्तांनी वाटून खायचं. पाव वाटला. मी तेव्हा तिकडच्याच तंबूतल्या हॉस्पिटलात होतो, माझा तुकडा तिथे आणून दिला. मी उशीखाली ठेवला आणि दोन दिवसांनी खाल्ला. फार चांगला होता. आतलं पत्र आम्ही कुणी उघडलं नाही. ते माझ्यापाशी आहे.

आता पैजेबद्दल. पैज नव्हतीच. ठिपके सापडले त्या दिवशी तो नाचला, मला मिठी मारली. संध्याकाळी बघतो तर यंत्रात एकटाच बसलेला, बोट ठिपक्यांवर, आणि चेहरा पांढरा. म्हणाला, "हेडली, पाणी दिलेल्या पत्र्यावर हे उमटतच नाहीत. तिनेच मला लिहिलं होतं." मला काही कळेना, मी पडलो मासेवाला. मग त्याने हत्यारांतून कानस काढली आणि कोपऱ्यावर एकदाच ओढली. माझ्या तळहातावर किस पडला. त्यालाही विश्वास ठेवायचा नव्हता, म्हणून तुम्हाला विचारलं. उघड लिहिलं असतं तर पत्रच अडलं असतं.

लेफ्टनंटसाहेबांनी वरच्या अधिकाऱ्यांना जाऊन सांगितलं. वरून उत्तर आलं की आहेत तीच यंत्रं, पक्की अजून आलेली नाहीत, आणि तारीख बदलायची नाही. साहेबांनी रूबेनला बाजूला घेतलं. म्हणाले, "ओडलिंग, दुरुस्तीच्या शेडमध्ये तुझ्यासारखा माणूस हवाच आहे. आज सही करतो." मी तिथेच उभा होतो, मी माझ्या कानांनी ऐकलंय. रूबेनने विचारलं, "मग हे कोण चालवणार?" बदली ड्रायव्हर होता तो तीन आठवडे शिकलेला, चढावर दर वेळी इंजिन बंद पाडायचा. रूबेन म्हणाला, "तो तुम्हाला पहिल्याच खड्ड्यात बसवेल, साहेब. बर्फात बसलेलं कच्चं यंत्र म्हणजे काय ते मला कळतं, त्याला कळत नाही. राहू दे. मीच चालवतो."

मी त्याला शिव्या दिल्या, मिस ओडलिंग. खूप दिल्या.

मग तीन दिवस तो भंगार गोळा करत हिंडला. यंत्रं ज्यांवर चालतात त्या पट्ट्यांचे तुटके लोखंडी तुकडे, मातीची पोती, जे मिळेल ते. आत दोन्ही बाजूंना, आम्ही बंदुकांवर उभे राहायचो तिथे, छातीपर्यंत रचलं. स्वतःपुढे काही लावता येत नव्हतं. समोरची फट झाकली तर चालवणार कसं?

अकरा एप्रिलला पहाटे निघालो. सगळीकडे बर्फ, आणि त्यावर आमचं काळं यंत्र. मागे ऑस्ट्रेलियन पायदळ होतं, आमची काही यंत्रं वाटेतच बिघडली म्हणून ते आम्हाला नावं ठेवत होते. त्यांचं काय चुकलं? जर्मनांच्या काटेरी तारांपाशी पोचलो आणि गोळ्या आत यायला लागल्या. बिस्किटाच्या डब्यात शिरावं तशा. आमच्या बाजूला पोत्यांत अडकत होत्या, मला हाताला एवढंच लागलं. लेफ्टनंटसाहेब रूबेनच्या शेजारी बसले होते, ते लगेच गेले. रूबेनला दोन लागल्या होत्या. त्याने पान्याने ठोकलं, वळायची खूण. आम्हाला वाटलं परत फिरतोय. तो परत फिरत नव्हता, तेवढं इंजिनात उरलं नव्हतं. त्याने यंत्र आडवं केलं, म्हणजे दार आपल्या बाजूला आलं. मग पुन्हा ठोकलं, नुसतंच ठोकत राहिला, बाहेर व्हा, बाहेर व्हा. आठातले पाच जण बाहेर आलो. मी शेवटचा. त्याला ओढायला गेलो तर त्याने मान हलवली, आणि खरं सांगतो, डावा हात खाली सोडलेला होता.

आदल्या दिवशी त्याने माझ्याकडून वदवून घेतलं होतं. म्हणाला, "मी नसलो तर ती स्वतःला दोष देईल, मी तिला ओळखतो. तिला म्हणावं, यंत्र कच्चं होतं ते ठिपक्यांमुळे नव्हे. ठिपके नसते तर मला कळलंच नसतं, आणि मी पोती रचली नसती." एवढं पोचवायचं होतं. मी पाचांतला एक आहे.

तुमचं पत्र परत पाठवू का? लिहा.

आपला
हेडली पेल


लिंकन
रविवार, २० मे १९१७

मिस्टर पेल यांस,

तुमचं पत्र मी रोज वाचते. पाव खाल्लात, बरं केलंत. ती रीत चांगली आहे.

रूबेनचा निरोप मिळाला. मी मान्य करायचा प्रयत्न करते, पण लगेच जमणार नाही, हे तुम्हाला खोटं कशाला सांगू? सगळ्या घरादाराला खोटं सांगून झालंय. त्याने मला "हो" लिहिलं तेव्हा शेडमध्ये जायचं त्याने आधीच नाकारलं होतं, हे आता कळलं. मला त्याचा राग येतो. मेलेल्या भावाचा राग येणं फार वाईट, मिस्टर पेल, कारण तो ऐकून घ्यायला येत नाही.

आईला सांगावं लागलं. ती कागद हातात धरून एवढंच म्हणाली, "मोटारी दुरुस्त करताना गोळी कशी लागली?" मी तिला सगळं सांगितलं, पाण्याच्या टाक्यांपासून ठिपक्यांपर्यंत. तिने मला मारावं असं वाटत होतं. तिने उठून चहा टाकला. दोन कप भरले, मग सवयीने तिसरा भरला.

तुमच्यापाशी आहे ते पत्र परत पाठवू नका. उघडा आणि वाचा. त्यात जे आहे ते रूबेनला माझ्याआधी कळलेलं होतं, पण तुम्ही बरे होऊन पुन्हा तिकडे जाल तेव्हा यंत्रं वाटून घेणाऱ्या प्रत्येकाला ते वाचून दाखवा. कानस जवळ ठेवा. वर काय उत्तर देतात ते देवोत, निदान बसणाऱ्याला तरी कळू दे तो कशात बसतोय.

मी कामावर परत गेले आहे. दुसरं काय करणार? डाउज माझ्या नजरेला नजर देत नाहीत. त्यांनाही "शाळेसाठी" असंच सांगितलं गेलं होतं. एके दुपारी मागच्या गोदामात ते पत्र्यांच्या थप्पीला डोकं टेकून उभे होते, मी न बघितल्यासारखं केलं. आता पुन्हा भट्टीतून कडक करून आलेले पत्रे येतात. त्यांतल्या प्रत्येकावर मी बाबांचा पंच मारून बघते. नियमात बसत नाही, पण डाउज पाठ फिरवून उभे राहतात. दिवसाला चाळीस-पन्नास होतात. पंचाला रोज रात्री नवी धार काढावी लागते. ज्या दिवशी तो रुतेल, त्या दिवशी मी हातोडी टाकून दारात आडवी पडणार आहे, मग कुणीही येवो.

काल एका पत्र्यावर पंच जोरात घसरला आणि माझ्या अंगठ्यात घुसला. चांगलं रक्त आलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "शाब्बास."

डाउजनी वळून विचारलं, "कुणाला म्हणतेस गं?"

त्यांना सांगितलं नाही. तुम्हाला सांगते. पत्र्याला म्हणाले.

आपली
थर्झा ओडलिंग